न पिणाऱ्यांचे यकृत

1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांवर एक लेख प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या यकृताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की जे दिसायचे, ते कुठल्याही अनुभवी डॉक्टरच्या ओळखीचे होते. पेशींमध्ये चरबीचे थेंब, भोवती दाह, काही ठिकाणी तंतूंचे जाळे. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याचे यकृत असेच दिसते. पण हे लोक पिणारे नव्हते. बहुतेक जण स्थूल होते, निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, काहींना मधुमेह होता, काहींच्या पित्ताशयात खडे होते. तोवर या आजाराला नावसुद्धा नव्हते. ते लुडविग यांनी दिले.

नाव नसलेल्या आजाराने माणसाचे काय हाल होतात, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर न चुकवलेली वारी, आणि साठीत पोटात पाणी होते. निदान येते ‘लिव्हर सिरॉसिस’. मग नातेवाईक एकमेकांकडे बघू लागतात. चोरून पीत असेल का, ही शंका कुणी बोलून दाखवते, कुणी मनात ठेवते. रुग्ण बाई असली तर कुजबुज आणखी दबक्या आवाजात होते. आजाराच्या जोडीला नसलेल्या व्यसनाचा कलंक सोसावा लागणे हा अन्याय आहे, आणि तो आजही रोज होतो.

दारूने यकृत जाते, यात वाद नाही. मात्र जगात आज यकृतात चरबी साठण्याचे सर्वांत मोठे कारण दारू नव्हे. ते कारण चयापचयाच्या बिघाडात आहे आणि जगातल्या प्रौढांपैकी साधारण तिघांत एकाच्या यकृतात अशी चरबी आढळते. भारताचा आकडाही दिलासा देणारा नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी 2022 मध्ये देशातल्या अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा प्रौढांमधले प्रमाण 38 टक्क्यांच्या वर निघाले. मुलांमधले प्रमाणही त्याच्या फार मागे नव्हते. त्या पाहण्यांतली बरीच मुले आधीच स्थूल होती, हे लक्षात घेऊनसुद्धा तो आकडा काळजी करण्यासारखाच आहे.

2023 मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आजाराची व्याख्याच बदलली. पूर्वी निदान वजाबाकीने होत असे. दारू नाही, कावीळ नाही, मग उरले ते हे. आता निकष थेट आहेत. यकृतात चरबी हवी आणि सोबत पाचांपैकी किमान एक गोष्ट हवी: वाढलेले वजन किंवा कंबर, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड, किंवा घसरलेले चांगले कोलेस्टेरॉल. ही यादी मधुमेहतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ कैक वर्षे वापरत आले आहेत. आता यकृताचे डॉक्टरही त्याच यादीपाशी पोहोचले. या पुस्तकाचा सगळा रोख तिथूनच ठरतो. ‘फॅटी लिव्हर’ हा एका अवयवाचा आजार म्हणून वाचला, तर त्याचा अर्धाअधिक भाग वाचायचा राहून जातो.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असते, वजन साधारण दीड किलो. आतड्यांतून शोषलेले बहुतेक अन्नघटक प्रवेशिनी शिरेतून आधी यकृतात येतात आणि मग उरलेल्या शरीरात जातात. स्वादुपिंडाने सोडलेले इन्सुलिनही त्याच शिरेतून आधी यकृतालाच पोहोचते. जेवणानंतर आलेले हे इन्सुलिन यकृताला तीन कामे सांगते. साखर साठव, नवी साखर बनवणे थांबव, आणि जे जास्तीचे आहे त्याची चरबी कर. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की एक विचित्र गोष्ट घडते. दुसरा हुकूम यकृत ऐकत नाही, तिसरा मात्र इमानेइतबारे पाळत राहते. म्हणून रात्री जेवण बेताचे केलेल्या माणसाची सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली येते आणि त्याच रक्तात ट्रायग्लिसराइडही चढलेले दिसते. ‘काही खाल्लेच नाही, मग साखर आली कुठून?’ हा प्रश्न दवाखान्यात रोज विचारला जातो. ती रात्रभर यकृताने तयार केलेली असते.

तिकडे त्वचेखालच्या आणि पोटातल्या चरबीच्या पेशीही इन्सुलिनचे ऐकत नाहीत. जेवणानंतर त्यांनी चरबी धरून ठेवायची असते. त्या ती रक्तात सोडत राहतात आणि ती यकृतात येऊन साचते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये यकृतातल्या चरबीचा उगम शोधला. सुमारे 59 टक्के चरबी शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून आलेली होती. 26 टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवलेली होती. ताटातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती फक्त 15 टक्के.

हा शेवटचा आकडा आपल्या घरांत नीट पोहोचलेला नाही. फॅटी लिव्हर म्हटले की पहिल्यांदा तेल-तूप बंद होते आणि चहातली साखर, खारी, बिस्किटे, फळांचा रस, डाळीपेक्षा दुप्पट भात हे सगळे चालू राहते. फ्रान्समध्ये ‘फुआ ग्रा’ या महागड्या पदार्थासाठी बदकांना आणि हंसांना सुमारे दोन आठवडे बळजबरीने खाऊ घालतात. त्यांच्या घशाखाली जो मका उतरवला जातो, तो मुख्यतः पिष्टच असतो. तेवढ्यानेच त्या पक्ष्यांचे यकृत कित्येक पट मोठे होते आणि चरबीने गच्च भरते. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण जुनी आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याची खिचडी, सोबत बटाट्याची भाजी आणि वर गोड दही, असा उपास आठवड्यातून दोनदा झाला तर यकृताला त्यात विश्रांती कुठेच मिळत नाही.

या साखळीची उलटी बाजूही आहे, आणि ती आशेची आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे प्राध्यापक रॉय टेलर यांनी 2011 मध्ये टाइप 2 मधुमेहाच्या अकरा रुग्णांना आठ आठवडे दिवसाला सुमारे 600 कॅलरींचाच आहार दिला. सात दिवसांत यकृतातली चरबी तीस टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर निरोगी माणसांच्या पातळीवर आली. आठ आठवड्यांत यकृतातली चरबी 12.8 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांपर्यंत खाली गेली. पुढे मोठ्या चाचणीत, साध्या दवाखान्यांत, अशा उपायाने पहिल्या वर्षात 46 टक्के जणांचा मधुमेह औषधांविना ताब्यात आला. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने हा प्रयोग घरी, मनाने, कधीच करू नये. साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. यकृतातली चरबी हलली की साखर हलते.

आता पुण्याकडे यावे लागेल, कारण या विषयातला फार मोलाचा धडा पुण्याने जगाला दिला आहे.

2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन माणसांचा एक फोटो छापून आला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते, बीएमआय 22.3. कुठल्याही तक्त्यात दोघेही सडपातळच भरले असते. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. एका पानावरच्या त्या फोटोने भारतीय शरीराविषयी जे सांगितले, ते मोठमोठ्या ग्रंथांनी सांगितले नव्हते. वजनकाटा आपल्याला पुरेसे सांगत नाही.

याची मुळे गर्भातच सापडतात. 1993 पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पुण्याकडची बाळे सगळ्या मापांनी लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तितकीच होती. कष्ट करणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेले किरकोळ दिसणारे बाळ चरबीच्या बाबतीत किरकोळ नव्हते. हेच बाळ मोठेपणी शहरात आले, खुर्चीवर बसून काम करू लागले आणि त्याला हवे तेवढे खायला मिळाले, की ती जादा चरबी ठेवायला त्वचेखाली पुरेशी जागा नसते. ती पोटात आणि यकृतात जाते.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या पाहणीने हे आणखी ठसठशीत केले. तिथल्या गरीब, शेतीवर जगणाऱ्या 1,911 गावकऱ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. 8.7 टक्क्यांच्या यकृतात चरबी होती आणि त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय 25 च्या खाली होता. निम्म्याहून अधिक जणांचे ना वजन जास्त होते, ना पोट सुटलेले. ‘आमच्यात कुणी जाड नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. भारतीयांसाठी बीएमआयची रेषा 23 वर आणि कंबरेची रेषा पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटीमीटरवर आखली आहे, त्याला हा सगळा पुरावा आधार देतो.

इन्सुलिन हे या कथेतले एकच संप्रेरक नाही. अंतःस्रावी ग्रंथींचे आणि यकृताचे नाते दोन्ही बाजूंनी चालते, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसते पीसीओएसमध्ये. पाळी लांबणे, हनुवटीवर केस येणे, मूल राहायला अडचण होणे या तक्रारी घेऊन मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. तिच्या रक्तात इन्सुलिन चढलेले असते. ते बीजकोशांना पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. शिवाय ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते. यकृतात चरबी साठली, इन्सुलिन वाढले, की ते प्रथिन कमी पडते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते. म्हणजे बीजकोशाच्या आजाराचा एक धागा थेट यकृतातून जातो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत यकृतातल्या चरबीचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतो. तरीही सोनोग्राफी खालच्या पोटाची होते आणि बरगड्यांखाली कुणी पाहत नाही. पंचविशीतल्या मुलीला ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ असे सांगून परत पाठवणे ही तिची फसवणूक आहे.

पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन स्त्रीच्या यकृताला बरेच संरक्षण देते. म्हणून तरुण वयात हा आजार पुरुषांत अधिक दिसतो. पाळी गेल्यावर चरबीचा मुक्काम नितंब-मांड्यांवरून पोटाकडे हलतो आणि पन्नाशीनंतर बायका पुरुषांच्या बरोबरीला येतात. आपल्याकडे याच वयात बाईच्या तपासण्या सर्वांत मागे पडतात. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ असतात, स्वतःचे रक्त तपासल्याला मात्र वर्षे झालेली असतात.

थायरॉइडची गोष्टही अशीच. त्याचे संप्रेरक यकृतातली चरबी जाळायला मदत करते. ते कमी पडले की चरबी रेंगाळते. या एका दुव्याचा माग काढत गेलेल्या संशोधकांना औषध सापडले. यकृतातल्या थायरॉइड-ग्राहकालाच निवडून चेतवणारे ‘रेस्मेटिरॉम’ मार्च 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. चरबीमुळे दाह झालेल्या आणि तंतू वाढलेल्या यकृतासाठी तिथे मंजूर झालेले ते पहिले औषध. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच कामासाठी तिथे सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली. तेही आतड्यातल्या एका संप्रेरकाच्या धर्तीवरच बनलेले आहे. भारतात त्याआधीच, 2020 मध्ये, इथेच शोधलेल्या सारोग्लिटाझारला या आजारासाठी परवानगी मिळाली होती.

हा आजार दुखत नाही, आणि त्यामुळेच तो वर्षानुवर्षे अंगात राहतो. बहुतेकांचा आजार चरबीपाशीच थांबतो. काहींच्या यकृतात दाह सुरू होतो, त्यातल्या काहींच्या यकृतात तंतू वाढत जातात, शेवटी सिरॉसिस किंवा कर्करोग गाठतो. आणि यकृत टिकले तरी माणूस टिकेलच असे नाही. या रुग्णांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हृदयविकार आहे. भारतात यकृत प्रत्यारोपण बहुतांशी जिवंत दात्यांवर चालते, आणि तिथे या आजाराचा आणखी एक चेहरा दिसतो. वडिलांना यकृताचा तुकडा द्यायला मुलगा तयार असतो, रक्तगट जुळतो, घर धीर धरते, आणि तपासणीत कळते की मुलाच्याच यकृतात इतकी चरबी आहे की ते देता येणार नाही. वेळ हातात असेल तर त्याला वजन उतरवायला सांगतात. नेहमी तेवढा वेळ मिळत नाही.

मग ओळखायचे कसे? सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचे ‘ग्रेड वन’ वाचून लोक निश्चिंत होतात किंवा हादरून जातात. दोन्ही चूक. तो शब्द चरबीचे प्रमाण सांगतो, तंतू किती वाढलेत ते सांगत नाही, आणि धोका ठरतो तो तंतूंवरून. त्यासाठी पहिला अंदाज देणारे गणित फार साधे आहे. त्याला ‘फिब-फोर’ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचे हजारांतले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ यांनी. समजा वय 56, एसजीओटी 44, एसजीपीटी 49, प्लेटलेट एक लाख साठ हजार. 56 गुणिले 44 म्हणजे 2,464. 160 गुणिले 7 म्हणजे 1,120. उत्तर 2.2. आकडा 1.3 च्या खाली असेल तर मोठ्या प्रमाणात तंतू असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे लगेच. मधल्या 2.2 ला फायब्रोस्कॅन करून यकृताचा कडकपणा मोजायला हवा. या माणसाच्या रिपोर्टवर एकही आकडा डोळ्यांत भरणारा नव्हता. ‘थोडेसे वाढलेय, काळजी नको’ म्हणून तो कागद सहज फायलीत गेला असता. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीनंतर खालची रेषा 2 धरतात. बाकीच्यांना त्यासाठी रक्ताच्या दोन साध्या तपासण्यांपलीकडे काही लागत नाही.

उपचारांत अजून तरी वजनाइतके प्रभावी काही नाही. क्यूबात हवानामध्ये 293 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, 2015 मध्ये, वर्षभरात दहा टक्के वजन उतरवणाऱ्या नव्वद टक्के रुग्णांच्या यकृतातला दाह गेला आणि 45 टक्क्यांचे तंतूसुद्धा मागे हटले. पण इतके वजन उतरवणे दहांपैकी एकालाच जमले. हा अर्धा भाग लपवून ‘वजन कमी करा’ एवढेच सांगणे रुग्णावर भार टाकण्यासारखे आहे. आहाराचे प्रकरण आणि चालण्या-व्यायामाचे प्रकरण या पुस्तकात मोठे आहे, ते याचसाठी. पाच टक्के वजन उतरले तरी चरबी घटते. वजन न हलताही व्यायामाने ती घटते. सडपातळ माणसाला तर तीन-चार टक्केही पुरतात.

‘लिव्हर साफ करणाऱ्या’ काढ्यांबद्दल सावध राहायला हवे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळला गेला, आणि 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्याच्या यकृतात आधीच बिघाड आहे त्याने वनस्पतीची पावडर ‘नैसर्गिक आहे’ म्हणून महिनोन्महिने घेणे धोक्याचे आहे. हेच जिममध्ये विकल्या जाणाऱ्या डब्यांनाही लागू आहे.

2021 मध्ये केंद्र सरकारने हा आजार मधुमेह, कर्करोग आणि हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. निर्णय योग्य होता. गावोगावी आशाताई तिशीवरच्यांचा जो तक्ता भरतात, त्यात कंबरेचे माप आहेच. ते माप, साखर आणि फिब-फोर यांची सांगड प्राथमिक आरोग्य केंद्रातच बसली पाहिजे. देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत, हे आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालाने दाखवले. त्यात गोव्याचे प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. टाइप 2 मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात चरबी असते. एवढ्या लोकांना मोठ्या शहरातल्या यकृततज्ज्ञाकडे पाठवणे कुणालाही शक्य नाही.

वाचकांना एकच विनंती. घरात कुणाला मधुमेह असेल, पीसीओएस किंवा थायरॉइडचा त्रास असेल, रक्तदाब असेल, किंवा पाळी गेल्यावर पोट वाढू लागले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘फिब-फोर किती आहे?’ आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.